नावे पाठ, प्रमाण कोरे

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाची दोन पुस्तके आहेत. पहिल्या भागात भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र, दुसऱ्यात जीवशास्त्र आणि त्याच्या आजूबाजूचे विषय. अकरावीत ही फारकत पक्की होते; विषय वेगळे, शिक्षक वेगळे, क्लासही वेगळे. आयन, द्रावण, आम्ल, आम्लारी एका घरात राहतात. रक्त, मूत्रपिंड, आतडी आणि चेतापेशी दुसऱ्या. त्यामुळे सोडियम क्लोराइडचे सूत्र न अडखळता लिहिणारा आणि लहान आतड्याची सुबक आकृती काढणारा विद्यार्थी एका साध्या प्रश्नाशी थबकतो: जुलाब होणाऱ्या मुलाला नुसते पाणी का पुरत नाही, आणि मिठाच्या पाण्यात साखर कशासाठी? दोन्ही धड्यांत त्याला उत्तम मार्क असतात. माझ्या मते त्याच्याकडे माहिती भरपूर आहे, उणीव आहे ती एकाच कल्पनेची, संहतीची. किती पाण्यात किती पदार्थ विरघळला आहे आणि पेशीच्या पडद्यापलीकडे तोच पदार्थ किती आहे, या दोन आकड्यांवर शरीराचा बहुतेक कारभार चालतो. ही कल्पना पुस्तकात आहे, तिची व्याख्याही आहे, टक्केवारीची दोन-चार उदाहरणेही आहेत. पण धडा संपला की ती परत कुठे भेटत नाही.

रसायन आणि जीवशास्त्र यांची ही वाटणी अभ्यासक्रमाच्या सोयीची आहे. या कल्पना जन्मल्या तेव्हा ती नव्हती. परासरणाचा, म्हणजे पडद्यातून दाट द्रावणाकडे पाणी ओढले जाण्याचा, दाब नेमका मोजला तो विल्हेल्म फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने, १८७७ साली, कारण त्याला वनस्पतींच्या पेशींत पाणी कसे शिरते हे जाणून घ्यायचे होते. ह्यूगो द फ्रीस हा डच वनस्पतिशास्त्रज्ञ पेशी कोणत्या संहतीच्या द्रावणात आकसतात हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. या आकड्यांवरून त्याचाच देशबांधव व्हान्ट हॉफ याने द्रावणांचा नियम मांडला आणि १९०१ साली रसायनशास्त्राचे पहिले नोबेल त्यालाच मिळाले. सामूचेही (pH) तेच. आज सामू म्हटले की लिटमसची पट्टी आणि रंगांचा तक्ता आठवतो; पण सोरेन सोरेन्सनने १९०९ मध्ये ही मोजपट्टी तयार केली ती कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत, विकरांचा अभ्यास करताना. विकरांचे काम हायड्रोजन आयनांच्या संहतीवर अवलंबून असते आणि ती संहती इतकी सूक्ष्म असते की दशांश चिन्हानंतरची शून्ये मोजता मोजता चूक व्हायची. म्हणून लॉगॅरिदम. म्हणजे ज्याला आपण रसायनाचा धडा समजतो तो जीवशास्त्राच्या अडचणीतून निघालेला आहे.

सगळ्यात बोलके उदाहरण सिडनी रिंगरचे. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये हा डॉक्टर बेडकाचे हृदय शरीराबाहेर धडधडत ठेवण्याचे प्रयोग करत होता. मिठाच्या द्रावणात हृदय बराच वेळ चालते असे त्याने १८८२मध्ये प्रसिद्ध केले. पुढच्या वर्षी त्याला तो निष्कर्ष दुरुस्त करावा लागला, कारण द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेले नव्हते; त्यासाठी नळाचे पाणी, न्यू रिव्हर वॉटर कंपनीने पुरवलेले, वापरले गेले होते. शुद्ध पाण्यात तेच मीठ घातले तेव्हा हृदयाचे ठोके क्षीण होत गेले आणि थांबले. नळाच्या पाण्यातले थोडेसे कॅल्शियम ते हृदय चालवत होते. पुढे रिंगरने पोटॅशियमचाही वाटा दाखवला: थोडे हवे, जास्त झाले तर हृदय बंद. आज आपल्याकडच्या कुठल्याही दवाखान्यात पेशंटला ‘आरएल’ लावतात ते रिंगर लॅक्टेट. त्याच्या एका लिटरात सोडियम सुमारे १३० मिलिमोल, पोटॅशियम चार-पाच मिलिमोल आणि कॅल्शियम जास्तीत जास्त दोन मिलिमोल असते. रक्तात पोटॅशियम साडेतीन ते पाच मिलिमोल असते, पेशीच्या आत मात्र १४०च्या आसपास. सोडियमचे नेमके उलटे, बाहेर १४० आणि आत दहा-पंधरा. ही तफावत टिकवायला शरीर सतत ऊर्जा खर्च करते, आणि चेतापेशीतला संदेश म्हणजे या तफावतीमुळे पडद्यावर उभा राहिलेला विद्युतदाब क्षणभर उलटवून पुन्हा पूर्ववत करणे. ‘शरीरात सोडियम व पोटॅशियम असतात’ हे वाक्य खरे आहे आणि निरुपयोगी आहे.

आता मीठ-साखरेच्या पाण्याकडे. कॉलऱ्याच्या रुग्णाच्या रक्तातून पाणी, क्षार आणि अल्कली निघून जातात हे ओ’शॉनेसी या तरुण डॉक्टरने १८३१-३२मध्ये रक्ताचे पृथक्करण करून दाखवले होते. हाच गृहस्थ पुढे कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्राचा प्राध्यापक झाला. क्षार गेले तर क्षार द्यावेत हे उघड होते. पण तोंडाने दिलेले मीठपाणी कॉलऱ्यात शोषलेच जात नाही, जुलाबावाटे परत जाते. कोडे सुटायला १९६० साल उजाडले. रॉबर्ट क्रेन यांनी प्राग येथे मांडले की आतड्याच्या पेशी ग्लुकोज आत घेतात तेव्हा सोडियम सोबत घेतात. एक दार आहे, ते दोघांनी मिळून ढकलल्याशिवाय उघडत नाही. कॉलऱ्याच्या विषाने हे दार बिघडत नाही. सोडियम आत गेले की परासरणाने पाणी मागोमाग जाते. म्हणजे साखर इथे ताकदीसाठी किंवा चवीसाठी घातलेली नसते. १९७१मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनच्या बाटल्या संपत आल्या तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर विसंबून एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा पुड्या करवल्या आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. वीस-तीस टक्क्यांच्या घरातला मृत्युदर चार टक्क्यांखाली आला.

जागतिक आरोग्य संघटनेने २००२पासून सुचवलेल्या ओआरएसच्या पुडीवर आकडे असतात: सोडियम क्लोराइड २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९, ग्लुकोज १३.५. ग्रॅममध्ये वाचले तर यांत काही संगती दिसत नाही. मोलमध्ये बदलून पाहावे. साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज म्हणजे ७५ मिलिमोल. मीठ आणि सायट्रेट यांतले सोडियम मिळून तेही ७५. जोडीने आत जायचे म्हणून जोडीने घातलेले. आता सगळे कण मोजा: सोडियम ७५, क्लोराइड ६५, ग्लुकोज ७५, पोटॅशियम २०, सायट्रेट १०, बेरीज २४५. रक्तात हीच बेरीज २९०च्या जवळपास असते. आतड्यातले द्रावण रक्तापेक्षा किंचित पातळ, म्हणून पाणी रक्ताकडे जाते. आधीच्या सूत्रात ही बेरीज ३११ होती, रक्तापेक्षा जास्त. ते सूत्र बदलण्यामागे हेही कारण होते. नववीत विद्यार्थी मोलची गणिते करतात, ऑक्सिजनच्या अमुक ग्रॅममध्ये किती रेणू अशी, आणि ही उठाठेव कशासाठी हे त्यांना कोणी सांगत नाही. या एका पुडीवर तो सगळा धडा शिकवता येईल.

याच हिशेबाने चुकाही समजतात. एक लिटरची पुडी घाईत एका पेल्यात, समजा २०० मिलिलिटर पाण्यात कालवली, तर कणांची बेरीज १२००च्या वर जाते आणि पाणी उलट रक्तातून आतड्यात येते. औषध तेच, परिणाम उलटा. गोड शीतपेयांत लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास साखर आणि नावापुरते सोडियम असते. जुलाबात ती पाजणे म्हणजे हीच चूक चवदार करून करणे. सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५मध्ये मनाई केली, त्यामागे हेच रसायन आहे. शहाळ्याच्या पाण्याची गंमत वेगळी: पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. एरवी उत्तम, पण कॉलऱ्यासारख्या जुलाबात पुरे पडणारे नव्हे. आणि नुसते पाणी? २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातले सोडियम सुरक्षित पातळीखाली गेलेले आढळले. त्यांच्यातल्या अनेकांचे वजन धावून वाढले होते, इतके ते वाटेत प्यायले होते.

आम्ल-आम्लारीच्या धड्यात हा प्रश्न आणखी रंगतदार होतो. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो हे अनेकांना पाठ असते. त्याचा अर्थ असा की एका लिटर रक्तात हायड्रोजन आयन साधारण ४० नॅनोमोल, सोडियमच्या पस्तीस लाखांश. आणि शरीर रोज तेरा-पंधरा मोल कार्बन डायऑक्साइड तयार करते, जो पाण्यात विरघळून आम्ल होतो. एवढ्या आम्लाच्या लोंढ्यात ते ४० नॅनोमोल हलत नाहीत, कारण रक्तात बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांची जोडी वीसास एक या प्रमाणात राखलेली असते. इथे रसायनाचा हुशार विद्यार्थी आक्षेप घेईल आणि त्याचे बरोबर असेल: ही जोडी ६.१ सामूजवळ उत्तम काम करते, ७.४ला ती कमजोरच. परीक्षानळीत खरोखरच ती कमजोर आहे. पण परीक्षानळीला फुप्फुसे नसतात. आम्ल वाढले की बायकार्बोनेट त्याला पकडते, कार्बन डायऑक्साइड बनतो आणि तो श्वासावाटे बाहेर टाकला जातो. खर्च झालेले बायकार्बोनेट मूत्रपिंड पुन्हा भरून काढते. बंद भांड्यातले रसायन आणि वाहत्या शरीरातले रसायन यांत फरक आहे तो इथे. रसायनाच्या वर्गात फुप्फुसांचा विषय निघत नाही आणि जीवशास्त्राच्या वर्गात समतोलाचा, त्यामुळे हे कुठेच शिकवले जात नाही. मधुमेहाचा रुग्ण अत्यवस्थ होतो तेव्हा तो खोल, भराभर श्वास का घेतो, याचे उत्तर या दोन धड्यांच्या मधल्या फटीत पडून राहते.

त्या फटीतच ‘अल्कलाइन वॉटर’चा धंदा फोफावला आहे. रक्त आम्लधर्मी झाले म्हणून आजार होतात आणि नऊ सामूचे पाणी ते धुऊन काढते, असा दावा असतो. हिशेब करू. नऊ सामूच्या एक लिटर पाण्यात हायड्रॉक्साइड दहा मायक्रोमोल. जठररसाचा सामू दोन धरला तर त्याच्या एका मिलिलिटरात हायड्रोजन आयन दहा मायक्रोमोल. म्हणजे अख्ख्या लिटरभर पाण्यातल्या हायड्रॉक्साइडला पोटातला चमच्याच्या चतुर्थांशाहूनही कमी रस पुरतो. अशा पाण्यात थोडे विरघळलेले बायकार्बोनेट असते, ते याहून थोडे टिकाऊ. पण जास्तीचे बायकार्बोनेट मूत्रपिंड लघवीवाटे सोडून देते. हा हिशेब नववीच्या गणिताने होतो. तो करता येत असेल तर जाहिरातीला वेगळे उत्तर द्यावे लागत नाही.

ऑक्सिजनचे थोडक्यात. रक्तद्रवात तो लिटरला तीन मिलिलिटर विरघळतो, हिमोग्लोबीनमुळे दोनशे वाहून नेला जातो. विश्रांतीत आपल्याला मिनिटाला अडीचशे मिलिलिटर लागतो आणि हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त ढकलते; हिमोग्लोबीन नसते तर ते ऐंशीहून अधिक लिटर ढकलावे लागले असते. अॅनिमियाच्या मुलीला धाप का लागते हे यात आले. कोविडच्या काळात घरोघरी ऑक्सिमीटर आला आणि ९४ हा आकडा सर्वांच्या तोंडी झाला, पण ९७ वरून ९० म्हणजे ‘सातच टक्के कमी’ असे समजणारे कमी नव्हते. हिमोग्लोबीन आणि ऑक्सिजन यांचा आलेख सरळ रेषा नसतो. वर तो सपाट असतो आणि नव्वदच्या खाली घसरतो. त्या सात टक्क्यांत रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब ९५ मिलिमीटरवरून ६०वर आलेला असतो.

विषाची गोष्टही याच मोजमापाची. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरला एक मिलिग्रॅमपर्यंत चालते, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने दात आणि हाडे कशी बिघडतात ते यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या काही गावांनी सोसले आहे. आयोडीन मात्र रोज १५० मायक्रोग्रॅम लागते, आणि ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दर ग्रॅमला किमान १५ मायक्रोग्रॅम असावे असा नियम आहे, म्हणजे दहा ग्रॅम मिठात भागते. ‘केमिकलमुक्त’ या शब्दाला अर्थ नाही हे वर्गात सांगून कोणाला पटत नाही. हे दोन आकडे शेजारी मांडले तर पटू शकेल. इथे माझ्या मांडणीतली एक त्रुटी मान्य केली पाहिजे. प्रत्येक पदार्थाला सुरक्षित पातळी असतेच असे नाही. शिसे हे त्याचे उदाहरण. मुलांच्या मेंदूसाठी शिशाची निर्धोक म्हणता येईल अशी पातळी सापडलेली नाही. तिथे ‘किती’ विचारायचे ते फक्त धोका किती हे जाणण्यासाठी.

याहून गंभीर आक्षेप असा की शरीर संहतीवर चालते हे अर्धेच सत्य आहे, उरलेले अर्धे रेणूंच्या आकाराचे. सिकलसेल घ्या, जो गडचिरोली आणि नंदुरबारच्या आदिवासी कुटुंबांत आढळतो. हिमोग्लोबीनच्या एका साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले, एवढाच बदल. प्रमाणाचा काही संबंध नाही. आक्षेप रास्त आहे, पण इथेही गोष्ट अर्ध्यावर सोडू नये. बदललेले हिमोग्लोबीन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांना चिकटून दोऱ्यांसारखे होते, आणि हे किती झपाट्याने होते ते पेशीतल्या त्याच्या संहतीवर ठरते. संहती थोडी वाढली तरी वेग अनेक पटींनी वाढतो. शरीरातले पाणी कमी झाले की पेशी आकसतात, संहती वाढते, वेदनांचा झटका येतो. म्हणून या रुग्णांना पाणी भरपूर प्या असे सांगतात. हायड्रॉक्सियुरिया हे औषधही पेशीत न चिकटणाऱ्या, गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबीनचा वाटा वाढवून मदत करते. आकार आजार ठरवतो, पण आज झटका येणार की नाही हे बऱ्याच अंशी संहती ठरवते.

शिक्षकांचा आक्षेप व्यवहाराचा असतो: मोल ही कल्पना मुलांना जड जाते, लॉगॅरिदम त्याहून जड, आणि बोर्डाच्या पेपरात व्याख्याच विचारतात. जड जाते हे खरे. पण ती जड वाटण्याचे एक कारण असे की तिचा उपयोग कुठे दाखवलेलाच नसतो. अमुक ग्रॅम मॅग्नेशियममध्ये अणू किती, याची कोणाला पडलेली नसते. लॉगॅरिदम न शिकवताही ‘सामू एकने उतरला की हायड्रोजन आयन दसपट’ एवढ्यावर वरचा अल्कलाइन पाण्याचा हिशेब होतो. पेपराबद्दल शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. चाळीस मिनिटांच्या तासात साठ मुले असतील तर ते पेपरात येईल तेच घेतील. बदल तिथूनच व्हायला हवा. पुडीवरचे आकडे देऊन सोडियम आणि ग्लुकोज यांचे गुणोत्तर काढायला सांगणारा प्रश्न तीन मार्कांचा होऊ शकतो आणि तपासायलाही सोपा आहे.

प्रयोगशाळा नाही ही सबब मात्र टिकत नाही. बटाट्याचे सारख्या मापाचे तुकडे करावेत, पाच वाट्यांत मिठाची वेगवेगळ्या संहतीची द्रावणे घ्यावीत, शून्यापासून दोन टक्क्यांपर्यंत, आणि तुकडे आधी व तासाभराने, वरचे पाणी टिपून, दागिने तोलण्याच्या छोट्या डिजिटल काट्यावर तोलावेत. पातळ द्रावणातले तुकडे फुगून कडक होतात, दाट द्रावणातले लिबलिबीत. वजनातला फरक आलेखावर मांडला की रेषा एका ठिकाणी शून्याला छेदते. तिथली संहती म्हणजे बटाट्याच्या पेशीतल्या द्रवाशी जुळणारी संहती. द फ्रीसने सूक्ष्मदर्शकातून पेशी आकसताना पाहून हीच जुळणी शोधली होती. काटा काही शे रुपयांत येतो, आणि तो पुढच्या वर्षीही चालतो.